तिसरे घर घेण्यापूर्वी



मुंब्रा-कौसा, भिवंडी, मीरा रोड, पुण्याचे कोंढवा किंवा कोकणातील एखादे खाडीकाठचे गाव, कोठेही गेलात तरी मुस्लिम घराच्या दरवाजावर एक अरबी पाटी हमखास दिसते. हे सर्व माझ्या पालनकर्त्याच्या कृपेने आहे, असा तिचा अर्थ. घर नवे असो वा जुने, एका खोलीचे असो वा तीन मजली, ही पाटी आपण मोठ्या प्रेमाने लावतो. ती लावणे चांगलेच आहे. परंतु हे शब्द पवित्र कुरआनात कोठे आले आहेत आणि त्यांच्या पुढे काय म्हटले आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते?

सूरह नम्लमध्ये माननीय सुलैमान (अलै.) यांची हकीकत आहे. सबाच्या राणीचे सिंहासन डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी त्यांच्यासमोर आणून ठेवले गेले, तेव्हा त्यांनी हे उद्गार काढले. मात्र ते तेथेच थांबले नाहीत. ही कृपा माझी परीक्षा घेण्यासाठी आहे, मी कृतज्ञ होतो की कृतघ्न हे पाहण्यासाठी आहे, असा त्या उद्गारांचा उरलेला आशय आहे. आपण दरवाजावर अर्धे वाक्य लावले आणि परीक्षेचा अर्धा भाग बाहेर ठेवला. आज त्या उरलेल्या अर्ध्या भागाविषयी बोलायचे आहे, आणि तेही अशा बंधू-भगिनींशी, ज्यांना अल्लाहने राहत्या घराखेरीज आणखी एक-दोन घरे दिली आहेत व जे तिसरे घेण्याच्या विचारात आहेत.

अशी कुटुंबे आता थोडी राहिलेली नाहीत. कोणी वीस वर्षे कुवेत वा सौदी अरबमध्ये घाम गाळून एक फ्लॅट घेतला. कोणी गावची जमीन विकून दुसरा घेतला. घरांचे भाव चढत गेले, भाडेही चढले, आणि मनात विचार आला की एका घराचे दोन झाले तर दोनाचे चार का होऊ नयेत? हा विचार मुळात पाप नाही. इस्लामने मालमत्ता बाळगण्यास मनाई केलेली नाही. उलट, ज्याने घर विकले व ते पैसे तशाच एखाद्या मालमत्तेत घातले नाहीत त्याच्या पैशात बरकत राहत नाही, या आशयाची हदीस इब्ने माजा यांच्या संग्रहात आहे. म्हणजे स्थावर मालमत्ता टिकवणे हे शहाणपणाचे मानले आहे. प्रश्न घरे किती असावीत हा नाही. ती कोणत्या मार्गाने वाढतात आणि त्यांच्या भिंतींआड राहणाऱ्या माणसांशी आपण कसे वागतो, हा आहे.

भाडे हलाल का आहे?

अनेक जण विचारतात की, व्याज घेणारा घरबसल्या पैसे घेतो आणि भाडे घेणाराही घरबसल्याच घेतो; मग एक हराम व दुसरे हलाल असे का? याचे उत्तर प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या एका छोट्या वचनात आहे, ज्यावर फुकहांनी व्यवहारशास्त्राचा मोठा भाग उभारला. त्याचा आशय असा की, लाभ हा जबाबदारीच्या मोबदल्यात मिळतो. जो नुकसानीचा धोका उचलतो, त्यालाच उत्पन्नाचा हक्क आहे.

घरमालक हा धोका उचलतो. छत गळले तर त्याचे गळते. भूकंप झाला, आग लागली, इमारत जीर्ण झाली तर तोटा त्याचा. मालमत्ता कर त्याच्या माथी. भाडेकरू केवळ राहण्याचा उपयोग विकत घेतो. व्याज घेणारा मात्र म्हणतो की, तुझे काहीही होवो, माझी मुद्दल सुरक्षित आणि वर माझा वाढावा निश्चित. म्हणूनच सूरह बकरामध्ये अल्लाहने व्यापार हलाल व व्याज हराम ठरवले, आणि दोन्ही सारखेच आहेत असे म्हणणाऱ्यांचा निषेध केला.

याचा दुसरा अर्थही ध्यानात घ्यावा. भाडे जर जबाबदारीमुळे हलाल होत असेल, तर जबाबदारी झटकणारा घरमालक आपल्या भाड्याच्या मुळावरच घाव घालतो. पावसाळ्यात छताला ओल आली, पाण्याची मुख्य वाहिनी फुटली, स्लॅबचे प्लॅस्टर सुटले आणि भाडेकरूने फोन केला की, 'तुम्हीच बघून घ्या, राहता तुम्ही', असे उत्तर देणारे कितीतरी लोक नमाजी असतात. त्यांनी स्वतःला विचारावे: धोका मी उचलणार नाही, दुरुस्ती मी करणार नाही, तर दर महिन्याला मी घेतो ते नेमके कशाचे?

हेवी डिपॉझिटचा फास

आता ज्या गोष्टीविषयी आपल्या वस्त्यांत सर्वांत जास्त व्यवहार होतात आणि सर्वांत कमी विचार होतो, तिच्याकडे येऊ.

हेवी डिपॉझिट काय असते हे आपणास ठाऊक आहेच. समजा, एका घराचे बाजारात महिना 8,000 रुपये भाडे आहे. मालक म्हणतो, मला भाडे नको, 6 लाख रुपये द्या, अकरा महिने राहा, जाताना सहाच्या सहा लाख परत घ्या. भाडेकरूला वाटते, आपले पैसे शाबूत राहिले आणि फुकट राहायला मिळाले. मालकाला वाटते, एकरकमी पैसा हाती आला. दोघेही खूश होतात आणि दलालही आपली दलाली घेऊन खूश होतो.

आता या व्यवहाराचे नाव बाजूला ठेवून त्याचे स्वरूप पाहा. मालकाने 6 लाख रुपये घेतले, ते तो वापरणार आहे आणि तेवढेच परत करणार आहे. जी रक्कम वापरायची मुभा आहे व जी पूर्ण परत करणे बंधनकारक आहे, तिला शरीयतमध्ये कर्ज म्हणतात. मग कागदावर तिला डिपॉझिट म्हणा किंवा अमानत. या कर्जाच्या बदल्यात कर्ज देणाऱ्याला अकरा महिन्यांचा निवारा, म्हणजे 88,000 रुपयांचा लाभ मिळाला. कर्जावर अट घालून घेतलेला प्रत्येक लाभ रिबा ठरतो, हा फुकहांमध्ये सर्वमान्य नियम आहे. कोकणातील आपले बहुतेक बंधू शाफई आहेत आणि देशावरील बहुतेक हनफी. या मुद्द्यावर दोन्ही मसलकांत फरक नाही. लाभ रोख रकमेत असो वा राहण्याच्या सोयीत, त्याने हुकूम बदलत नाही. गहाण ठेवलेल्या घरात फुकट राहण्याची जुनी रीत होती, तिचेच हे शहरी रूप आहे.

काही जण यातून पळवाट काढतात. महिना शंभर-दोनशे रुपये नाममात्र भाडे लिहितात आणि म्हणतात, पाहा, भाडे तर आहेच. बंधूंनो, ज्या घराचे भाडे बाजारात 8,000 आहे ते 200 रुपयांत का मिळाले? त्या 6 लाखांमुळेच ना? मग शंभर रुपयांच्या पावतीने आपण कोणाला समजावतो आहोत? अल्लाह तर अंतःकरणातील गोष्टी जाणतो.

या व्यवहाराची दुसरी बाजू अधिक भयावह आहे. चढत्या बाजारात घरे वाढवण्याचा सोपा मार्ग म्हणून काही जण हेच डिपॉझिट वापरतात. पहिल्या घराच्या डिपॉझिटवर दुसरे घर नोंदवायचे, दुसऱ्याच्या डिपॉझिटवर तिसरे. पहिला भाडेकरू निघाला की नव्या भाडेकरूचे पैसे घेऊन त्याला द्यायचे. बाजार चढता असेपर्यंत ही साखळी चालते. एखादे घर तीन महिने रिकामे राहिले, एखादा नवा भाडेकरू मिळाला नाही, की ती तुटते. ती तुटते तेव्हा कोण मध्ये अडकतो? ज्याने मुलीच्या लग्नासाठी जमवलेले, गावची शेती विकून आणलेले, पत्नीचे दागिने मोडून उभे केलेले 6 लाख तुमच्या हाती दिले, तो. तो घर सोडू शकत नाही, कारण पैसे परत मिळत नाहीत. तो राहू शकत नाही, कारण मुदत संपली आहे. तुमची तीन घरे कागदावर उभी असतात आणि त्याचे आयुष्य तुमच्या 'पुढच्या महिन्यात देतो' या एका वाक्यावर टांगलेले असते.

ऐपत असूनही देणे लांबवणे हा जुलूम आहे, असे प्रेषितांनी (स.) बजावले आहे. शहीदाचीही सर्व पापे माफ होतात, परंतु कर्ज नव्हे, या आशयाची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. ज्याच्या डोक्यावर तीन कुटुंबांचे 18 लाख आहेत, त्याने रात्री अंथरुणावर पडताना एवढाच विचार करावा की, आज रात्रीच बोलावणे आले तर हे देणे कोण फेडणार? मुलांना हिशेब तरी ठाऊक आहे का?

मग मार्ग काय? बाजारात चालते ते वाजवी भाडे ठरवा आणि डिपॉझिट दोन-तीन महिन्यांच्या भाड्याएवढेच घ्या, जे नुकसानीची हमी म्हणून असेल. ज्यांनी यापूर्वीच हेवी डिपॉझिट घेतले आहे, त्यांनी भाडेकरूसोबत बसावे, यापुढे योग्य भाडे सुरू करावे आणि रक्कम हप्त्याहप्त्याने परत करण्याचे लेखी वचन द्यावे. गरज पडल्यास एक घर विकून देणे फेडावे. हे कठीण वाटेल. परंतु अखेरच्या हजच्या प्रवचनात प्रेषितांनी (स.) अज्ञानकाळातील सर्व व्याज रद्द केले, तेव्हा सर्वप्रथम स्वतःचे काका माननीय अब्बास (रजि.) यांचे येणे व्याज रद्द केले. सुधारणा घरातून सुरू झाली, शेजाऱ्याच्या अंगणातून नव्हे.

बँकेच्या हप्त्यावर उभे राहणारे घर

कोणी म्हणेल, डिपॉझिट नको तर गृहकर्ज घेऊ. भाड्यातून हप्ता जाईल आणि वीस वर्षांनी घर आपले होईल. हिशेब मोठा आकर्षक दिसतो. राहण्यास छप्परच नसलेल्या माणसाच्या अगतिकतेविषयी उलेमांनी स्वतंत्र चर्चा केली आहे, आणि ज्याची तशी स्थिती असेल त्याने आपल्या भागातील जाणत्या मुफ्तींना विचारावे. परंतु ज्याच्या डोक्यावर छप्पर आहे, ज्याच्याकडे भाड्याचे एक घरही आहे, तो तिसऱ्या घरासाठी व्याजी कर्ज काढतो, तेव्हा त्याला अगतिकतेचे कोणते कारण सांगता येईल? सूरह बकरामध्ये व्याज न सोडणाऱ्यांना अल्लाह व त्याच्या प्रेषिताकडून युद्धाची सूचना आहे. इतका कठोर इशारा दुसऱ्या क्वचितच एखाद्या पापासाठी आला असेल.

हलाल मार्ग संथ आहे, पण तो आहे. दोन-तीन भावंडे वा मित्र मिळून एक मालमत्ता रोखीने घेऊ शकतात व भाडे आपापल्या वाट्याप्रमाणे घेऊ शकतात. एकाने दुसऱ्याचा हिस्सा दर वर्षी थोडा थोडा विकत घ्यावा आणि जितका हिस्सा अजून दुसऱ्याचा आहे तितक्याचे भाडे त्याला द्यावे, अशी भागीदारी फुकहांना परिचित आहे. विकासकाने व्याजाविना बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे हप्ते दिले तर तेही चालते. मात्र विलंबावर व्याज लावणारी अट करारात आहे का, ते आधी वाचावे. भागीदारी भावाभावांतील असली तरी ती लिहून ठेवावी. कुरआनातील सर्वांत लांब आयत उधारीचे व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे, याकडे आपले लक्ष का जात नाही? भाऊ आहे म्हणून लिहिले नाही, आणि लिहिले नाही म्हणून पुढे भाऊ राहिला नाही, असे आपल्या वस्त्यांत किती वेळा घडते!

लिहिलेला करार आणि न लपवलेला दोष

लिहिण्याचा विषय निघाला म्हणून आणखी एक गोष्ट. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे भाडेकरार वा लीव्ह अँड लायसन्स करार लेखी असणे व त्याची नोंदणी करणे आवश्यक आहे, आणि ही जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्याच कायद्याच्या कलम 29 प्रमाणे भाडेकरूचे पाणी किंवा वीज यांसारख्या अत्यावश्यक सोयी योग्य कारणाविना तोडता येत नाहीत. थोडा मुद्रांक वाचावा म्हणून करार न करणे, खरी किंमत वा खरे भाडे कागदावर कमी दाखवणे, ही चतुराई वाटते. ती प्रत्यक्षात खोटी साक्ष आहे, आणि वचने पाळण्याच्या कुरआनी आज्ञेच्या ती विरुद्ध आहे.

दोष लपवण्याची गोष्ट तर याहून गंभीर. मदीनेच्या बाजारात प्रेषितांनी (स.) धान्याच्या एका राशीत हात घातला, तर वरचे धान्य कोरडे व आतले ओले निघाले. विक्रेता म्हणाला, पाऊस लागला. तेव्हा त्यांनी विचारले की, मग ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाहीस? आणि जो फसवतो तो आमच्यापैकी नाही, असा निर्वाळा दिला.

आपल्या घराच्या राशीतील ओला भाग कोणता? 4 एप्रिल 2013 रोजी मुंब्र्याजवळ शीळफाटा येथील लकी कंपाउंडमध्ये एक अनधिकृत, बांधकाम सुरू असलेली इमारत कोसळली. 74 जीव गेले. इमारत पूर्णही झालेली नव्हती आणि तिच्यात माणसे राहायला आली होती. ती का आली होती? कारण त्यांच्या खिशाला परवडणारे दुसरे छप्पर नव्हते. आपण जे घर घेतो त्याला बांधकाम परवानगी आहे का, भोगवटा प्रमाणपत्र आहे का, प्रकल्प महारेराकडे नोंदलेला आहे का, हे पाहणे केवळ आपल्या पैशाच्या सुरक्षेसाठी नाही. ज्या भिंतींच्या आड आपण स्वतःच्या मुलांना झोपवणार नाही, तेथे दुसऱ्याची मुले झोपवून भाडे घेणे कोणत्या तोंडाने हलाल म्हणायचे? रंग देऊन तडा झाकला, तर तो तडा आपल्या कर्मपत्रात उघडाच राहतो.

घर कोणाला देता?

आपली एक जुनी आणि खरी तक्रार आहे. शहरातील कितीतरी सोसायट्यांत नाव ऐकताच घर नाकारले जाते. 1992-93 च्या दंगलीनंतर मुंबईतील कितीतरी कुटुंबे जीव मुठीत धरून मुंब्र्याला आली. दारे बंद झाल्यामुळेच आपल्या वस्त्यांत दाटी झाली, आणि दाटीमुळेच भाव व भाडे चढले. आज ज्या चढत्या बाजाराकडे आपण संधी म्हणून पाहतो, त्यात आपल्याच बंधू-भगिनींच्या अगतिकतेचा मोठा वाटा आहे.

म्हणूनच हृदयावर हात ठेवून विचारा: ज्याला कोठेही घर मिळत नाही हे मला ठाऊक आहे, त्याच्याकडून मी केवळ त्या कारणामुळे जास्त भाडे घेतो का? विधवा आहे, भाडे बुडेल. नर्स आहे, रात्रपाळीला जाते, लोक बोलतील. विद्यार्थी आहेत, गोंगाट करतील. बिहार वा बंगालचा कारागीर आहे, आपल्या बोलीचा नाही. अशी कारणे देऊन मीही दारे बंद करतो का? इतरांनी आपल्याशी केलेला अन्याय आपण अन्याय म्हणून ओळखतो. मग तोच अन्याय आपल्या हातून झाला की त्याला सावधगिरी म्हणतो का? एखाद्या समूहाचे वैर तुम्हाला न्यायापासून दूर नेऊ नये, अशी आज्ञा सूरह माइदामध्ये आहे. वैर असतानाही न्याय सोडायचा नाही, तर आपल्याच माणसांशी तो कसा सोडता येईल?

इस्लामने सामान्य परिस्थितीत भाव ठरवून दिला नाही. मदीनेत महागाई झाली व लोकांनी भाव ठरवून देण्याची विनंती केली, तेव्हा प्रेषितांनी (स.) ती मान्य केली नाही, कोणावर अन्याय झाल्याचा आरोप घेऊन आपल्याला अल्लाहला भेटायचे नाही, असे कारण दिले. म्हणजे बाजारभावाने भाडे घेण्यास हरकत नाही. परंतु त्याच प्रेषितांनी (स.) साठेबाजाला गुन्हेगार म्हटले, खोटी बोली लावून भाव चढवण्यास मनाई केली, आणि एका बंधूचा सौदा ठरत असताना मध्ये घुसण्यास मनाई केली. साठेबाजी फक्त अन्नधान्याची असते, असे अनेक फुकहांचे मत आहे, परंतु इमाम अबू यूसुफ (रह.) यांच्या मते जी वस्तू अडवून ठेवल्याने लोकांना त्रास होतो, त्या प्रत्येक वस्तूची अडवणूक साठेबाजीच आहे. भाव आणखी चढेल म्हणून तीन-तीन फ्लॅटना वर्षानुवर्षे कुलूप लावून ठेवणाऱ्या आणि खालीच एका खोलीत आठ माणसे राहताना पाहणाऱ्या बंधूंनी हे मत एकदा शांतपणे वाचावे.

आणि भाडे थकले तर? दरवाजावर दुसरे कुलूप लावण्यापूर्वी सूरह बकराची ती शिकवण आठवावी की, देणेकरी अडचणीत असेल तर त्याला सोय होईपर्यंत मुदत द्यावी, आणि माफ केले तर ते अधिक चांगले. एका व्यापाऱ्याची हदीस बुखारी व मुस्लिम दोघांनी नोंदवली आहे. तो आपल्या माणसांना सांगत असे की, अडचणीतील देणेकऱ्याला सोडून द्या, कदाचित अल्लाह आपल्यालाही सोडून देईल. आणि अल्लाहने त्याला सोडून दिले. याचा अर्थ जाणूनबुजून बुडवणाऱ्यापुढे हात टेकावेत असा नाही. त्याच्यासाठी कायदा आहे आणि समाजातील जाणती माणसेही आहेत. परंतु नोकरी गेलेला आणि नियत बिघडलेला, या दोघांतील फरक ओळखण्याचे कष्ट घरमालकाने घ्यावेत.

येथे भाडेकरू बंधू-भगिनींसाठीही एक शब्द. मुदत संपल्यावर घर न सोडणे, मालकाने वीस वर्षे परदेशात राबून घेतलेल्या घरावर ताबा धरून बसणे हाही जुलूमच आहे. दुसऱ्याची वीतभर जमीन अन्यायाने बळकावणाऱ्याच्या गळ्यात कयामतच्या दिवशी सात जमिनींचे जोखड घातले जाईल, हा इशारा फक्त श्रीमंतांसाठी नाही.

जकात आणि वारसा

भाड्याच्या घरावर जकात किती, हा प्रश्न दर रमजानमध्ये येतो. भाड्याने देण्यासाठी घेतलेल्या घराच्या किमतीवर जकात नाही. त्याच्या भाड्यातून खर्च वजा जाता जी रक्कम शिल्लक राहते, ती आपल्या इतर रोख, सोने व चांदीसह निसाबाएवढी, म्हणजे आपल्याकडे प्रचलित हिशेबाने साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीएवढी असेल व तिच्यावर चांद्र वर्ष पूर्ण झाले असेल, तर अडीच टक्के जकात द्यावी लागते. परंतु जे घर विकून नफा मिळवण्याच्याच हेतूने घेतले, ते व्यापारी माल आहे. त्याच्या आजच्या बाजारभावावर दर वर्षी जकात आहे. भाव चढले की आपण आनंदाने नव्या किमती सांगतो. जकातीच्या वेळी मात्र दहा वर्षांपूर्वीची खरेदी किंमत आठवते, असे होऊ नये.

आता वारसा. घरे वाढवणारा बाप एक दिवस जातो. मग काय होते? भाडे थोरल्या मुलाच्या खात्यात जमा होऊ लागते. बहिणींना सांगितले जाते की, घरे भाड्याने आहेत, वाटणी कशी करणार? विकल्यावर पाहू. विक्री कधी होत नाही, आणि ईदला एक साडी व मुलांना ईदी देऊन पंधरा-पंधरा वर्षे निघून जातात. बंधूंनो, सूरह निसामध्ये वाटे अल्लाहने स्वतः ठरवले आहेत. वडिलांच्या मृत्यूच्या क्षणापासून त्या घरांत आई, मुलगे व मुली या सर्वांचा वाटा निर्माण होतो, आणि त्या दिवसापासून येणाऱ्या भाड्याचा प्रत्येक रुपया त्याच प्रमाणात त्यांचा असतो. घर विकले नाही म्हणून बहिणीचे भाडे अडवता येत नाही. त्याआधी वडिलांचे कर्ज फेडावे लागते, आणि भाडेकरूंचे डिपॉझिट व आईचा न दिलेला महर हेही कर्जच आहे. म्हणून हयातीतच एक वही करा. कोणते घर कोणाच्या नावावर, कोणाचे किती डिपॉझिट आपल्याकडे, भागीदार कोण, हे सर्व तिच्यात लिहा आणि पत्नीला, मुलामुलींना दाखवा. अनाथांची मालमत्ता अन्यायाने खाणारे आपल्या पोटात आग भरतात, ही सूचना ज्या घराण्यात लहान मुले मागे राहतात त्यांनी विशेष ध्यानात ठेवावी.

दोन बागांचा मालक

दर शुक्रवारी आपल्यापैकी अनेक जण सूरह कहफचे पठण करतात. त्यात दोन बागांच्या मालकाची गोष्ट येते. द्राक्षांच्या बागा, सभोवती खजुरीची कुंपणे, मध्ये शेती, बागांतून वाहणारा झरा. दोन्ही बागा भरभरून फळल्या. तो आपल्या सोबत्याला म्हणाला की, माझ्याकडे तुझ्यापेक्षा जास्त संपत्ती आहे आणि माझी माणसेही जास्त. मग बागेत शिरून म्हणाला, हे कधी नष्ट होईल असे मला वाटत नाही. सोबत्याने त्याला त्याच्या निर्माणकर्त्याची आठवण दिली. त्याने ऐकले नाही. एके दिवशी बाग मांडवासह कोसळली, आणि तिच्यावर केलेल्या खर्चासाठी तो हात चोळत बसला.

त्याचा गुन्हा दोन बागा असणे हा नव्हता. बागा अल्लाहनेच दिल्या होत्या. हे कधी संपणार नाही, ही समजूत त्याचा गुन्हा होती. भाव चढतच राहणार, भाडे येतच राहणार, नवा भाडेकरू मिळणारच, ही आजची समजूत त्या समजुतीहून वेगळी नाही. माणसाजवळ सोन्याच्या दोन दऱ्या असल्या तर तो तिसरी मागेल, आणि त्याचे पोट अखेर मातीच भरेल, असे प्रेषितांनी (स.) सांगितले.

तिसरे घर घ्यायचेच असेल तर बंधूंनो, एका गोष्टीचा विचार करा. माननीय उमर (रजि.) यांना खैबरमध्ये उत्तम जमीन मिळाली. त्यांनी प्रेषितांचा (स.) सल्ला घेतला. मूळ राखावे आणि फळ अल्लाहच्या मार्गात द्यावे, हा सल्ला मिळाला. त्यांनी ती जमीन वक्फ केली: विकायची नाही, वारशात जायची नाही, उत्पन्न गरिबांना, नातलगांना, वाटसरूंना. माननीय उस्मान (रजि.) यांनी मदीनेतील रूमाची विहीर विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली. ज्या घरमालकाला तिसरे घर घेण्याची ताकद अल्लाहने दिली आहे, त्याने त्याच्या भाड्याचा निदान एक निश्चित भाग एखाद्या विधवेच्या घरभाड्यासाठी किंवा एखाद्या विद्यार्थ्याच्या शुल्कासाठी कायमचा राखून ठेवावा. आणि ज्याला ऐपत नाही त्याने निदान एवढे करावे: या महिन्याच्या एका सायंकाळी आपल्या भाडेकरूच्या घरी जावे, चहा घ्यावा, छताकडे पाहावे आणि हिशेबाची वही त्याच्यासमोर उघडावी.

अल्लाह आपणा सर्वांना हलाल रोजी देवो, आपल्या घरांना बरकत देवो, कोणाच्या अश्रूंवर उभे राहणारे छप्पर आपल्या नावावर न येवो. दरवाजावरील त्या पाटीचा उरलेला अर्धा भागही आपल्या अंतःकरणात उतरो, आणि या परीक्षेत आपली नोंद कृतज्ञांमध्ये होवो. आमीन.